आमची कोठेही शाखा नाही

पुण्याच्या दुकानांवरच्या पाट्यांची चेष्टा पुष्कळ झाली आहे. त्यातली सर्वांत प्रसिद्ध पाटी म्हणजे 'आमची कोठेही शाखा नाही'. लोक तिला पुणेरी ताठा म्हणतात. मीही बरीच वर्षं तेच समजत होतो. व्यापारचिन्हांचे जुने खटले वाचायला लागल्यावर मात्र ही पाटी मला ताठ्याची वाटेनाशी झाली. आपल्या नावाला मागणी आहे, त्या नावाने कुणी दुसराच चार पैसे मिळवू शकतो, आणि तो थांबवण्यासाठी आपल्याकडे एवढा एक फळाच आहे, हे जाणणाऱ्या माणसाची ती नोटीस आहे. वकील न लावता दिलेली.

हे खटले मी वाचायला लागलो ते अभ्यास म्हणून नव्हे. माझ्या मावसभावाच्या मुलाने चार वर्षांपूर्वी मिसळीच्या एका नावाजलेल्या दुकानाची फ्रँचायझी घेतली. करारावर सही करून झाल्यावर त्याने तो मला वाचायला आणून दिला. आपल्याकडे क्रम असाच असतो. इंग्रजीतली चाळीसेक पानं होती. 'काका, फक्त नजर टाका, कुठे फसलोय का बघा,' म्हणाला. मी नजर टाकली आणि अडकलो. तर्री कुठल्या रंगाची दिसावी, मसाला कुणाकडून घ्यावा, वेटरच्या टोपीवर काय लिहिलेलं असावं, दुकान बंद केल्यावर फळा किती दिवसांत उतरवावा, पुढे किती काळ आणि किती किलोमीटरच्या आत मिसळ विकू नये, सगळं त्यात होतं. 'नाव त्यांचं, भाडं माझं, गॅस माझा, माणसं माझी, आणि टोपीसुद्धा त्यांनी सांगायची?' हा त्याचा प्रश्न. तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. शोधायला गेलो आणि थेट अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या मॅटून नावाच्या लहानशा गावात जाऊन पोचलो.

मॅटूनमध्ये जीन आणि बेटी हूट्स या नवराबायकोने १९५२ मध्ये नात्यातल्याच माणसाकडून आइस्क्रीमचं एक दुकान विकत घेतलं. दुकानाचं नाव 'फ्रिजिड क्वीन'. धंदा बरा चालला. १९५७ मध्ये त्यांनी बर्गरचंही दुकान काढायचं ठरवलं. राणी आहेच, आता राजा पाहिजे, म्हणून नाव ठेवलं 'बर्गर किंग'. १९५९ मध्ये त्यांनी ते नाव इलिनॉय राज्याच्या कायद्याखाली नोंदवूनही घेतलं. शहाणपणाचंच काम केलं म्हणायचं.

फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल इथे १९५३ पासून याच नावाची दुसरी दुकानं उभी राहत होती, याचा त्यांना पत्ता नव्हता. त्या दुकानांचे मूळ चालक कॅलिफोर्नियात सॅन बर्नार्डिनोला मॅक्डोनल्ड बंधूंचा झटपट कारभार पाहून आले होते आणि तसंच काही आपल्याकडे करावं म्हणून कामाला लागले होते. १९५५ पर्यंत त्यांची पंधरा दुकानं झाली. फ्लोरिडातून जॉर्जिया, टेनेसी असं करत ती उत्तरेकडे सरकत गेली. जुलै १९६१ मध्ये कंपनीने शिकागोजवळ स्कोकी इथे इलिनॉयमधलं पहिलं दुकान उघडलं. राज्याच्या नोंदवहीत हूट्स यांचं नाव आहे हे तेव्हा कंपनीला ठाऊक होतं. ऑक्टोबरात तिने संपूर्ण देशासाठीची फेडरल नोंदणी मिळवली.

भांडण कोर्टात गेलं. हूट्स यांचं म्हणणं असं, की आमची नोंदणी राज्याची आहे, तेव्हा सगळं राज्य आमचं. कंपनीचं म्हणणं, नोंदणी देशाची आहे, तेव्हा सगळा देश आमचा. नोव्हेंबर १९६८ मध्ये सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने खालच्या कोर्टाचा निकाल कायम केला. हा निकाल एखाद्या गावकामगाराने शेताची मोजणी करावी तसा आहे. १९४६ च्या लॅनहॅम कायद्याने झालेली देशव्यापी नोंदणी राज्याच्या नोंदणीहून वरचढ. परंतु त्या नोंदणीच्या आधी, दुसऱ्याच्या नावाची खबर नसताना, ज्याने प्रामाणिकपणे ते नाव वापरलं, त्याचं त्या वेळी जेवढ्या मुलखात गिऱ्हाईक होतं तेवढा मुलूख त्याचा. हूट्स यांचं गिऱ्हाईक मॅटूनच्या आसपासचं. म्हणून मॅटूनभोवती वीस मैलांचं वर्तुळ. त्यात कंपनीने बर्गर किंग काढायचं नाही, आणि त्याबाहेर हूट्स यांनी काढायचं नाही.

या निकालाची गोष्ट 'लहान माणसाने बलाढ्य कंपनीला नमवलं' अशी सांगतात. मला ती अर्धीच खरी वाटते. हूट्स यांनी मॅटून राखलं हे खरं, पण उरलेलं सगळं राज्य गमावलं. राज्यनोंदणीचा कागद हातात असूनही वाढायचा हक्क गेला. आपली पुणेरी पाटी ते आपखुशीने लावतात, हूट्स यांना ती कोर्टाने लावून दिली, असं म्हणता येईल.

आता टोपीचा प्रश्न. त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. आपलं नाव दुसऱ्याला भाड्याने देता येतं, ही कल्पना आज इतकी सवयीची आहे की एके काळी कायद्याला ती लबाडी वाटत होती हे सांगूनही पटत नाही. जुन्या न्यायाधीशांचा विचार सरळ होता. वस्तूवरची खूण म्हणजे ती कुणी बनवली याची ग्वाही. बनवणारा एक आणि खूण दुसऱ्याची, म्हणजे गिऱ्हाइकाशी खोटं बोलणं. इंग्लंडमध्ये १९१४ च्या बाउडन वायर खटल्यात, मालकाने स्वतःची खूण दुसऱ्याला वापरू दिली, एवढ्यावरून हाउस ऑफ लॉर्ड्सने ती खूण वाऱ्यावर सोडली. १९३८ च्या इंग्लिश कायद्याने 'नोंदलेला वापरकर्ता' नावाची वाट काढली आणि १९४० च्या हिंदुस्थानातल्या व्यापारचिन्ह कायद्याने तीच उचलली. मालकाने देखरेख ठेवायची आणि वापरकर्त्याने नोंद करून घ्यायची, म्हणजे ते खोटं ठरणार नाही.

अमेरिकेत हीच गोष्ट १९५९ च्या डॉन डोनट खटल्यात स्पष्ट झाली. डॉन कंपनी मिशिगनची. डोनट आणि केक यांचं तयार पीठ बेकऱ्यांना विकायची आणि त्यांना आपलं नाव वापरू द्यायची. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर भागात हार्ट नावाची दुकानसाखळी १९५१ पासून 'डॉन' हेच नाव आपल्या बेकरीमालाला लावत होती. कोर्टाने म्हटलं, कंपनीची नोंदणी खरी, पण ती त्या भागात किरकोळ विक्रीला येण्याची चिन्हं नाहीत, तेव्हा आज मनाई हुकूम मिळणार नाही. ती येईल तेव्हा बघू. हा भाग मॅटूनच्या बाजूचा आहे. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. ज्यांना नाव वापरू दिलं त्यांच्या मालाच्या दर्जावर कंपनीने पुरेसा ताबा ठेवला नसेल, तर तिची खूणच रद्द होऊ शकते, असा मुद्दा तिथे निघाला. त्या मुद्द्यावर न्यायाधीशांत मतभेद झाला आणि कंपनी बचावली. पण नियम मात्र कायमचा बसला. नाव द्यायचं असेल तर नजरही ठेवायला हवी. नुसतं नाव दिलं आणि मागे वळून पाहिलं नाही, तर एक दिवस ते नाव मालकाचंही राहत नाही.

म्हणजे टोपी ही निव्वळ हौस नव्हे. फ्रँचायझी देणारा पाहुणा बनून येतो, तळणीचं तेल तपासतो, स्वयंपाकघराचे फोटो मागतो, तेव्हा तो स्वतःच्या हक्काची राखण करत असतो. आपल्या १९९९ च्या कायद्यातही नोंदलेल्या वापरकर्त्याचा अर्ज करताना मालक किती आणि कसा ताबा ठेवणार हे सांगावं लागतं. मी हे पुतण्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, 'तेल तपासू दे, पण स्टीलचे डबे त्यांच्याकडूनच दुप्पट भावाने कशाला?' या प्रश्नात तथ्य आहे. दर्जा राखण्यासाठी लागतं ते एक, आणि त्या नावाखाली माल खपवणं दुसरं. अमेरिकेत चिकन डिलाइट नावाच्या साखळीने शाखांना भांडी आणि वेष्टणं आपल्याकडूनच घ्यायला लावली होती. १९७१ मध्ये कोर्टाने ते मक्तेदारीविरोधी कायद्यात बसवून बेकायदा ठरवलं. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदाच नाही. १८७२ चा करार कायदा, व्यापारचिन्हांचा कायदा, स्पर्धा कायदा अशी ठिगळं जोडून काम चालतं. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने १९७० मध्येच फ्रँचायझी विकण्याआधी सगळी माहिती उघड करायची सक्ती केली आणि दशक संपेपर्यंत केंद्र सरकारच्या व्यापार आयोगाने देशभर तसा नियम आणला. किती शाखा बंद पडल्या, किती दावे चालू आहेत, हे घेणाऱ्याला सहीच्या आधी कळतं. माझ्या पुतण्याच्या हातात सहीच्या आधी एक रंगीत माहितीपत्रक होतं, आणि त्यात एका नटीचा फोटो.

करार मोडला की काय होतं, याचा धडा अमेरिकेतले कायद्याचे विद्यार्थी पहिल्याच वर्षी घोकतात, आणि योगायोग असा की तोही बर्गर किंगचाच. डेट्रॉइटमधले एक हिशेबनीस जॉन रुडझेविक्झ यांनी भागीदाराबरोबर मिशिगनमध्ये एक शाखा घेतली. करार वीस वर्षांचा. त्या मुदतीत मिळून दहा लाख डॉलरहून जास्त देणं लागणार होतं. मंदी आली, हप्ते थकले, कंपनीने करार रद्द केला. भागीदारांनी दुकान सोडलं नाही आणि फळाही उतरवला नाही. कंपनीने दावा लावला तो मिशिगनमध्ये नव्हे, दूर फ्लोरिडात. खालच्या कोर्टाने २,२८,८७५ डॉलर भरायला लावले आणि दुकान बंद करायला सांगितलं. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध दोन मतांनी सांगितलं, की कराराची मुळं फ्लोरिडात आहेत हे तुम्हाला माहीत होतं, तेव्हा तिथे बोलावलं तर जावं लागेल. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विरोधी मत दिलं. आपल्या गावात दुकान चालवणाऱ्या माणसाने परराज्यात खटल्याची तयारी कुठून ठेवायची, असा त्यांचा रोख होता. मला ते मत जास्त पटतं. आपल्याकडच्या करारांतही 'सर्व वाद अमुक शहरातच' हे कलम शेवटून दुसऱ्या पानावर असतं आणि तिथपर्यंत वाचणारे थोडे.

उलटी बाजूही सांगायला हवी. ऑस्ट्रेलियात बर्गर किंग हे नाव अ‍ॅडलेडमध्ये आधीच कुणीतरी नोंदवलेलं होतं. म्हणून तिथे फ्रँचायझी घेणाऱ्या जॅक काउइन यांना दुसरं नाव शोधावं लागलं. कंपनीची मालकी तेव्हा पिल्सबरीकडे होती. पिल्सबरीच्या पॅनकेकच्या पिठाचं एक नाव होतं 'हंग्री जॅक', त्यालाच मालकीचा प्रत्यय लावून १९७१ मध्ये पर्थला 'हंग्री जॅक्स' सुरू झालं. पुढे नव्वदच्या दशकात मूळ नावाची अडचण सरली आणि कंपनीला वाटू लागलं की आता आपणच या देशात उतरावं. काउइन यांनी करारानुसार दरवर्षी ठरावीक नवी दुकानं काढायची होती, आणि प्रत्येक दुकानाला कंपनीची मंजुरी हवी. कंपनीने मंजुऱ्याच रोखून धरल्या आणि मग दुकानं काढली नाहीत म्हणून करार मोडल्याचं जाहीर केलं. न्यू साउथ वेल्सच्या अपील न्यायालयाने २००१ मध्ये कंपनीच्या विरुद्ध निकाल दिला. हक्क वापरतानाही सचोटी पाळायची असते, असं त्याचं सार. कंपनीला मोठी भरपाई द्यावी लागली आणि त्या देशात शेवटी बर्गर किंगच्या पाट्या उतरून हंग्री जॅक्सच्या लागल्या.

तर आता आपल्याकडे. पुण्यात कॅम्प आणि कोरेगाव पार्क भागात एक इराणी जोडपं 'बर्गर किंग' नावाने उपाहारगृह चालवत आलं. सुरुवात १९९१-९२ ची. ज्यांनी नव्वदच्या दशकात पुण्यात कॉलेज केलं त्यांना मी सांगायची गरज नाही. २०११ मध्ये अमेरिकी कंपनीने पुण्याच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला, २०१२ मध्ये अंतरिम मनाई मिळवली, आणि दाव्याचा निकाल लागायला जुलै २०२४ उजाडलं. कोर्टाने कंपनीचा दावा फेटाळला. पुण्याचं दुकान १९९२ पासूनचं आणि कंपनीने भारतात उपाहारगृह उघडलं ते २०१४ मध्ये, यावर निकालाचा भर होता. वर्तमानपत्रांनी मोठ्या आनंदाने छापलं. मलाही पुणेकर म्हणून आनंद झाला, आणि मग मॅटूनच्या निकालाशी ताडून बघताना तो थोडा ओसरला.

कारण कंपनीची भारतातली नोंदणी १९७९ पासूनची. पुण्याच्या दुकानाच्या एक तप आधीची. आपल्या कायद्याचं ३४ वं कलम आधीपासून नाव वापरणाऱ्याला संरक्षण देतं खरं, पण अट अशी, की मालकाचा वापर किंवा मालकाची नोंदणी, यांपैकी जे आधी घडलं त्याच्याही आधीपासून तुमचा वापर पाहिजे. शब्दशः वाचलं तर पुण्याचं दुकान त्यात बसवणं कठीण. गंमत म्हणजे हूट्स दांपत्यही बसलं नसतं. अमेरिकी कायदा फक्त नोंदणीची तारीख बघतो आणि ती १९६१. आपला कायदा वापरही बघतो, आणि फ्लोरिडातला वापर १९५३ चा.

पण गाठ आणखी एक आहे. १९५८ चा आपला कायदा फक्त मालाच्या खुणा नोंदवत असे. सेवेची नोंदणी, म्हणजे 'आम्ही बसवून खाऊ घालतो' या गोष्टीची नोंदणी, १९९९ चा कायदा १५ सप्टेंबर २००३ ला अमलात येईपर्यंत शक्यच नव्हती. तेव्हा १९७९ ची नोंदणी पदार्थाची असू शकते, उपाहारगृहाची नव्हे. आणि नोंदवून ठेवलेलं नाव सलग पाच वर्षांहून जास्त वापरलंच नाही तर ते वहीतून काढून टाकायची मागणी करता येते, हेही कायद्यात आहे. परदेशी कंपनीचं नाव इथे दुकान नसतानाही लोकांच्या तोंडी असू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये व्हर्लपूलच्या खटल्यात मान्य केलं. २०१७ मध्ये टोयोटाच्या 'प्रियस' खटल्यात त्याच न्यायालयाने हात आखडता घेतला. जगात नाव असून भागत नाही, त्या काळी भारतातल्या बाजारात होतं का ते दाखवा. १९९२ सालच्या पुण्यात, उपग्रह वाहिन्या नुकत्या आलेल्या असताना, एम. जी. रोडवर फिरणाऱ्या किती जणांनी मायामीच्या बर्गर किंगचं नाव ऐकलं होतं? आणि ज्यांनी दुकान काढलं त्यांनी ऐकलं होतं का? मॅटूनच्या खटल्यात दुसरा प्रश्न निकाली निघाला होता. माझ्या मते पुण्याच्या खटल्याचं मर्मही तिथेच आहे, आणि पाटीवरच्या तारखांवरून ते सुटत नाही.

कंपनी अपिलात गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्याच्या दुकानाला नाव वापरायला तात्पुरती मनाई केली आणि डिसेंबरात खंडपीठाने अपिलाचा निकाल लागेपर्यंत ती वाढवली. दोन्ही बाजूंना दहा वर्षांचे धंद्याचे आणि करांचे कागद जपून ठेवायला सांगितलं. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या मनाईला स्थगिती दिली आणि उच्च न्यायालयाने अपील चालवावं असं सांगितलं.

पुतण्याची शाखा गेल्या वर्षी बंद झाली. भांडण न करता. ठरलेल्या दिवसांत त्याने फळा उतरवला, टोप्या परत केल्या, मसाल्याची शेवटची पोती पावती घेऊन पोचती केली. हे मी मुद्दाम करून घेतलं. रद्द झालेल्या करारानंतर एक दिवस जरी फळा राहिला तरी फ्रँचायझीदाराचा नुसता बिनपरवाना वापरकर्ता होतो. मॅक्डोनल्ड बंधूंचंही याहून निराळं झालं नव्हतं. १९६१ मध्ये त्यांनी सत्तावीस लाख डॉलरला धंदा विकला, मूळ दुकान स्वतःकडे ठेवलं, पण आडनाव विकलं गेलं होतं. स्वतःच्याच दुकानावरचं स्वतःचं नाव उतरवून 'द बिग एम' असा फळा लावावा लागला.

उरला प्रश्न पुन्हा मिसळ विकण्याचा. करार कायद्याचं २७ वं कलम, कुणालाही त्याच्या कायदेशीर धंद्यापासून अडवणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरवतं. १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका-कोला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की फ्रँचायझी चालू असताना प्रतिस्पर्ध्याचा माल न विकण्याची अट या कलमात अडकत नाही. चालू असताना. संपल्यानंतरच्या अटीचं संरक्षण त्यात नाही. एका वकील स्नेह्यांनी वाचून सांगितलं, 'विकू दे मिसळ. त्यांचा मसाला, त्यांचं नाव, त्यांचा रंग नको.' उसळ काय, फरसाण काय, ते कुणाच्या मालकीचं नाही.

नवं दुकान पाडव्याला उघडायचं ठरलं. नाव त्याने आजीचं ठेवलं. आधी व्यापारचिन्हांच्या नोंदवहीत तसं नाव आहे का ते शोधलं, मग अर्ज केला. परवा फळा बघायला बोलावलं म्हणून गेलो. पेंटरने सुंदर अक्षर काढलं होतं, आणि नावाच्या डोक्यावर गोलातला 'आर'. नोंदणी अजून झालेली नाही, नुसता अर्ज आहे. नसलेली नोंदणी आहे असं दाखवायला बंदी आहे, कलम १०७; २०२४ पर्यंत त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड, किंवा दोन्ही होतं, आता कैद गेली तरी दंड आहेच. पुतण्या म्हणाला, 'काका, सगळेच लावतात.' पेंटर थिनरचा बोळा घेऊन पुन्हा शिडीवर चढला.